वही हिसकावू नका
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



"चित्रे काढून पोट भरते का?" असे म्हणून मुलाची वही हिसकावणारे पालक आपल्यात पुष्कळ आहेत. हातावर पोट असलेल्या माणसाने असे विचारावे, यात नवल नाही. उत्तरादाखल एका गरीब मुलाची हकीकत सांगतो.

के. एच. आरा यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळ बोलारम येथे झाला. म्हणजे आपल्या हिंगोलीप्रमाणेच जुन्या हैदराबाद संस्थानात. वडील मोटारचालक. आई लहानपणीच वारली. कोवळ्या वयात मुलाने मुंबई गाठली, लोकांच्या घरी नोकरी केली, मोटारी धुतल्या आणि उरल्या वेळात चित्रे काढली. १९४२ साली मुंबईत त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. १९४७ साली हुसेन, रझा यांच्यासह ते प्रोग्रेसिव्ह कलावंतांच्या गटात होते. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले, ते 'टू जग्ज' या चित्राला. पाण्याची दोन भांडी, एवढाच विषय! पुढेही फुलदाणीतली फुले आणि घरातली भांडी ही त्यांची एक ओळख राहिली. १९८५ साली ते निवर्तले.

ही वाट आपल्याला परकी नाही. १६२० साली काश्मीरमध्ये उस्ताद मन्सूरने शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढल्याची नोंद खुद्द जहांगीर बादशहाने केली आहे. त्याचे लाल ट्यूलिपचे चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या शिवारात ट्यूलिप नाही; पण हळद आहे, कापूस आहे. घरचा तांब्या घ्या, त्यात हळदीचे एक पान ठेवा आणि अर्धा तास पाहून काढा. पानाच्या शिरा कशा वळतात, उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हे ध्यानात येईल. नीट पाहण्याची ही सवय शास्त्राच्या आकृतीत, दवाखान्यात, शेतात, सर्वत्र उपयोगी पडते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा आहेत. त्यांना अवश्य बसा.

पालकहो, प्रत्येक मूल आरा होणार नाही. पण आपल्या मुलीची वही आज मिटली, तर ती काय झाली असती हे आपल्याला कधीच कळणार नाही. रंगाची एक पेटी घेऊन द्या, एवढीच विनंती.