टाचेमागची शीर



आपली दिंडी फोंडाघाट चढली की दुसऱ्या पहाटे आम्हा सेवेकऱ्यांकडे एकच तक्रार येते. उठल्यावर टाचेमागची शीर ताठते. चार पावलं टाकली की मोकळी होते, म्हणून कोण मोकळेपणी सांगत नाही. "दुखता, पण चलतंय मां," एवढंच. आम्हीही वर्षानुवर्षं तेल चोळून दिलं. तेलाने बरं वाटतं, शीर बरी होत नाही.

ही शीर पोटरीला टाचेशी बांधते. चढणीला ताणते, किनाऱ्याच्या मऊ वाळूत टाच रुतली तरी ताणते.

1998 साली स्वीडनच्या होकान अल्फ्रेडसन या डॉक्टरांनी पळणाऱ्या माणसांना पायरीवरचा व्यायाम देऊन गुण दाखवला. चवडे पायरीच्या कडेवर ठेवा. दोन्ही पायांनी वर व्हा, मग दुखऱ्या पायावर भार देऊन टाच सावकाश खाली सोडा. पंधरा-पंधराचे तीन फेरे गुडघा ताठ ठेवून, तीन किंचित वाकवून. दोन वेळा, बारा आठवडे. देवळाची पायरी चालेल. दुखणं अगदी टाचेच्या हाडाशी असेल तर सपाट जमिनीवरच करा. म्हणजे सुरुवात वारीच्या तीन महिने आधी हवी. घाटात आठवून उपयोग नाही.

आणखी एक. जुलाब लागले म्हणून कुणाच्या पिशवीतली सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेऊ नका. तिने क्वचित ही शीर तुटते, साठीपुढे धोका जास्त. मागून काठी बसल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी इस्पितळ. दिंडीची गाडी मागेच असते, हाक मारा.