मोटारीचें शीतयंत्र : रोग आणि उपचार



उन्हाळा आला कीं नगरच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानांतून एकच वाक्य दिवसभर ऐकूं येतें : "एसीचा गॅस संपला आहे, भरून घ्या." अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचें अहिल्यानगर, हा जिल्हा बव्हंशीं अवर्षणाच्या पट्ट्यांत मोडतो, वैशाखांत येथें पारा चाळीस अंशांची मर्यादा ओलांडतो. अशा वेळीं वृद्ध मातापितरांस किंवा तान्ह्या मुलास घेऊन पुण्यास निघालेला गृहस्थ तें वाक्य निमूटपणें मान्य करतो व पैसे मोजतो. तें वाक्य अर्धेंच खरें असतें. उरलेला अर्धा भाग विचारल्यावांचून गॅस भरून घेऊं नये, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम यंत्राचें मर्म पाहूं. शीतयंत्र आंतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें. मातीच्या माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें तेंच कारण येथेंहि आहे : द्रवाची वाफ होतांना तो भोंवतालची उष्णता शोषून घेतो. आतां द्रव किती अंशांस उकळेल हें त्यावरील दाबावर अवलंबून असतें. आपल्याच अकोले तालुक्यांतील कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब कमी. म्हणून पाणी शंभर अंशांऐवजीं सुमारें ९५ अंशांसच उकळूं लागतें. हें सूत्र ध्यानीं धरलें म्हणजे सारें यंत्र उलगडतें.

आपल्याकडील बहुतेक मोटारींत आर-१३४ए नांवाचा वायु असतो. खुल्या हवेंत तो उणें २६ अंशांस उकळतो. कॉम्प्रेसर त्यास दाबतो, त्यायोगें तो तप्त होतो. मोटारीच्या पुढच्या जाळीमागें कंडेन्सर असतो. तेथें बाहेरच्या हवेस उष्णता देऊन तो द्रवरूप होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांतून सुटतांच त्याचा दाब उतरतो, आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्यें तो उकळून आंतील हवेची उष्णता पितो. तेथून पुनश्च कॉम्प्रेसरकडे. हें चक्र चहूंकडून बंद आहे. पेट्रोल जळून संपतें, तसा हा वायु संपत नाहीं. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडाबहुत झिरपतो, हें खरें. परंतु दर उन्हाळ्यास तो भरावा लागत असेल, तर यंत्रास कोठें तरी छिद्र पडलें आहे हें निश्चित समजावें.

आतां निदानाकडे वळूं. वैद्य जसा नाडीपूर्वीं रोग्यास चार प्रश्न विचारतो, तसे आपणहि विचारावे. पहिला प्रश्न : वारा कमी येतो, कीं वारा भरपूर असून गार नाहीं? वारा कमी असेल तर दोष बहुधा धुळीनें तुंबलेल्या गाळणीचा किंवा पंख्याचा असतो. आपल्या भागांतील धूळ पाहतां ही शंका पहिली घ्यावी. दुसरा : गाडी धांवत असतां गारवा येतो आणि चौकांत थांबतांच नाहींसा होतो काय? तसें असल्यास कंडेन्सरवर वारा सोडणारा पंखा बंद असेल, अथवा जाळी चिखलानें लिंपलेली असेल. तिसरा : कळ दाबतांच कॉम्प्रेसरचा क्लच "टक्" आवाज करून फिरूं लागतो काय? न फिरल्यास फ्यूज व रिले तपासावे. वायु फार कमी झाला असतां एक रक्षक कळ कॉम्प्रेसर स्वतःच थांबविते, हेंहि ध्यानांत असावें.

यानंतर कारागीर दोन कांट्यांचें दाबमापक लावतो. भर उन्हाळ्यांत निरोगी यंत्राचा एक कांटा दर चौरस इंचास ३० ते ५० पौंड, व दुसरा २०० ते २५० पौंडांच्या आसपास असतो. दोन्ही कांटे खालीं असल्यास वायु कमी आहे. दोन्ही फार वर असल्यास वायु अधिक भरला आहे, किंवा कंडेन्सर उष्णता टाकीत नाहीं. खालचा वर आणि वरचा खालीं असल्यास कॉम्प्रेसर थकला आहे. मात्र यंत्र बंद असतांना दिसणाऱ्या दाबावरून वायूचें प्रमाण कळत नाहीं.

माझ्या पुतण्याच्या गाडींत एका दुकानदारानें लागोपाठ दोन उन्हाळे गॅस भरला. दोन्ही वेळां महिना दीड महिना गारवा टिकला व गेला. तिसऱ्या वर्षीं दुसऱ्या एका तरुण कारागिरानें प्रथम नळ्यांचे सांधे व कंडेन्सर बॅटरीच्या उजेडांत न्याहाळले. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यांत धुळीनें माखलेला तेलाचा डाग होता. वायूबरोबर कॉम्प्रेसरचें तेलहि फिरत असतें. जेथून वायु जातो तेथें तें आपली खूण ठेवून जातें. साबणाचें पाणी लावतांच बुडबुडे आले. रस्त्यावरील खडीचा तो प्रसाद होता. कंडेन्सर व ओल शोषणारी ड्रायरची कुपी बदलून त्यानें पंपानें नळ्या निर्वात केल्या. निर्वातांत पाणी सामान्य उष्णतेंतच उकळून निघून जातें. कळसूबाईचेंच तें सूत्र! मग अर्धा तास कांटा हालत नाहीं हें दाखवून, बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस त्यानें काट्यावर मोजून भरला.

यांत प्रश्न केवळ पैशांचा नाहीं. पूर्वींचा आर-१२ वायु ओझोनच्या कवचास घातक ठरला, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानें तो हळूहळू बंद झाला. आर-१३४ए ओझोनास अपाय करीत नाहीं. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशें ते चौदाशें पट उष्णता अडवितो. अर्धा किलो वायु हवेंत सोडणें हें सुमारें तीनशें लिटर पेट्रोल जाळण्यासारखें आहे. ज्या उन्हापासून सुटका व्हावी म्हणून आपण तो भरतों, त्याच उन्हांत आपण भर घालतों. कांहीं ठिकाणीं स्वस्त म्हणून स्वैपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वालाग्राही वायु भरतात. तो प्रकार प्राणावर बेतणारा आहे. तसेंच घरीं कोणीं सांधे सोडूं नयेत. उडालेला द्रव कातडी व डोळे गोठवितो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या चालककक्षांत वातानुकूलन सक्तीचें झालें आहे. कोपरगांव-संगमनेरकडील रस्त्यांवर दिवसरात्र माल वाहणाऱ्या चालकांसहि आतां या विद्येची गरज पडेल, आणि त्यांस फसवणूक परवडणारी नाहीं.

तेव्हां दुकानांत तीन प्रश्न विचारावे. गळती कोठें सांपडली? निर्वात किती वेळ टिकला? गॅस किती ग्रॅम भरला? जो कारागीर या तिहींचीं उत्तरें देतो, त्यास त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी. त्यानें विचार केलेला असतो, आणि विचाराचें मोल हाताच्या कामाहून कमी नाहीं.