टीव्ही घेताना ठिपके विचारा



दर वेळी मी तुमच्याशी कर्ज, हप्ता आणि बचतीच्या वह्या यांवर बोलते. आज टीव्हीबद्दल बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करणार आहे.

गेल्या वर्षी आमच्या ग्रामसंघाने कार्यालयासाठी टीव्ही घ्यायचं ठरवलं. प्रशिक्षणाचे व्हिडिओ एकत्र बघता यावेत, गटांचे हिशेब मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर मांडता यावेत, हा हेतू. दिवाळीच्या फराळाच्या नफ्यातले अठरा हजार रुपये त्यासाठी बाजूला ठेवले होते. मी बी.ए. झालेली, म्हणून खरेदी माझ्याकडे आली. तालुक्याच्या गावी एका दुकानात सेल लागला होता. त्रेचाळीस इंची टीव्ही, खोक्यावर भलंमोठं '४के'. त्याच्या खाली बारीक अक्षरात 'सपोर्ट' असंही होतं. मी मोठं वाचलं, बारीक वाचलंच नाही.

पुढच्या बैठकीत लॅपटॉप जोडून हिशेबाचा तक्ता लावला. अक्षरं पुसट दिसत होती. पुढच्या रांगेतल्या बायकांनाही आकडा तीन आहे की आठ, ते कळेना. परत दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, सपोर्ट म्हणजे ४के व्हिडिओ यावर चालतो. पडदा ४के आहे असं कुठं लिहिलंय?" बिलावर नुसतं 'एलईडी टीव्ही, ४३ इंच' एवढंच होतं. मला पुढे बोलायला जागाच राहिली नाही.

बैठकीत उभं राहून मी हे सगळ्यांना सांगितलं. फराळ करताना ज्यांच्या हातांना चटके बसले होते, त्या बायका समोर बसल्या होत्या. कुणी रागावलं नाही. पण आमच्या खजिनदार काकू म्हणाल्या, "मग बाई, दुकानात विचारायचं काय होतं, ते तरी आता सांग." काकूंच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार आहे.

पहिला प्रश्न: पडद्यावर ठिपके किती? आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना? अंगण तेवढंच, पण ठिपके जवळजवळ आणि जास्त दिले की नक्षी नाजूक येते. टीव्हीचं चित्रही बारीक बारीक ठिपक्यांचंच असतं. त्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती, हे दोन आकड्यांत सांगतात, त्याला रिझोल्यूशन म्हणतात. साध्या, म्हणजे एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, साधारण चार लाख ठिपके. 'एचडी रेडी' पडदा बहुतेक वेळा १३६६ गुणिले ७६८ चा, म्हणजे साडेदहा लाख. 'फुल एचडी' म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळजवळ एकवीस लाख. आणि ४के, म्हणजेच 'अल्ट्रा एचडी', ३८४० गुणिले २१६०, सुमारे त्र्याऐंशी लाख. खोक्यावर कितीही मोठं नाव असू द्या, 'रिझोल्यूशन' या शब्दापुढचे दोन आकडे शोधा. आमच्या टीव्हीच्या खोक्यावर ते एका कोपऱ्यात होतेच: १३६६ गुणिले ७६८.

म्हणून 'सपोर्ट', 'रेडी', 'कंपॅटिबल' असले शब्द दिसले की थांबा. मोठं चित्र टीव्ही आत घेईल, पण दाखवताना स्वतःच्या ठिपक्यांतच दाखवील. शेरभराच्या भांड्यात पायली ओतली म्हणून भांडं पायलीचं होत नाही.

दुसरा प्रश्न: मला लागतं किती? घरात बत्तीस इंची टीव्ही असेल आणि तुम्ही सात-आठ फुटांवर बसून मालिका, बातम्या बघत असाल, तर एचडी रेडी आणि फुल एचडी यांत डोळ्याला फारसा फरक कळत नाही. तिथे जास्तीचे पैसे घालू नका. पण पडदा मोठा असेल, जवळून बघायचं असेल, बारीक अक्षरं वाचायची असतील, तर फुल एचडी किंवा त्याच्या वरचाच घ्या. आणि इंच मोजतात ते तिरके, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. बत्तीस इंची टीव्हीचा पडदा रुंदीला अठ्ठावीस इंच भरतो. कोनाड्यात किंवा कपाटात बसवायचा असेल तर आधी टेप लावून बघा.

तिसरा प्रश्न: चित्र येतं कुठून? आमच्या एका गटातल्या ताईंनी गटातून कर्ज काढून फुल एचडी टीव्ही घेतला. महिनाभराने म्हणाल्या, "जुन्या डब्यासारखंच दिसतंय, फसले की काय?" मी जाऊन बघितलं. टीव्ही खराच फुल एचडी होता. पण सेट टॉप बॉक्स जुना, साधा, आणि जोडलेला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. त्यासाठी एचडीएमआयची चपटी पिन असलेली वायर लागते. त्या एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. शिवाय बॉक्स एचडी हवा आणि वाहिनीही एचडी हवी. डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे पडत नाहीत, पण तिथल्या बहुतेक वाहिन्या साध्याच असतात. घरात तेवढंच बघणार असाल तर ४के टीव्हीसाठी हप्ते कशाला भरायचे?

आता बाकीचे शब्द. 'एलईडी टीव्ही' म्हणजे बहुतेक वेळा एलसीडी पडदाच, फक्त त्याच्या मागे उजेडासाठी एलईडी दिवे असतात. 'हर्ट्झ' म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं. मालिका-बातम्यांना पन्नास-साठ पुरे. 'स्मार्ट' म्हणजे इंटरनेट जोडता येतं. पण मोबाईलच्या नेटवर चालवाल तर रोजचा दीड जीबी एचडी व्हिडिओत एक-दोन तासांत संपतो, हे लक्षात असू द्या. वीजबचतीच्या ताऱ्यांचं लेबल असेल तर त्यावर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. दोन टीव्हींचे आकडे शेजारी ठेवून बघा.

शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं, बिल. बिलावर कंपनीचं नाव, मॉडेल क्रमांक आणि दोन आकड्यांतलं रिझोल्यूशन लिहून घ्या. दुकानदार का-कू करायला लागला तर तिथून उठा. मॉडेल क्रमांक मोबाईलवर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पैसे देण्याआधीच तपासा. पडद्याला वॉरंटी किती महिन्यांची, ते कार्डावर शिक्का मारून घ्या. एवढं करूनही फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. तिथे तक्रार करता येते, पण तक्रार उभी राहते ती बिलावर जे लिहिलंय त्यावर.

आमचा तो टीव्ही अजून कार्यालयात आहे. तक्त्याची अक्षरं मोठी करून आम्ही काम भागवतो. एका वेळी पाचच नावं दिसतात, मग पुढची पाच. आणि आता गटातून वस्तूसाठी कर्ज मागायला कुणी आलं की काकू आधी विचारतात, "आकडे लिहून आणलेस का?"

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. ज्यांच्या घरी टीव्ही आहे त्यांनी त्याच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक लिहून आणा आणि गटातल्या एखाद्या शिकत्या मुलीकडून त्याचे ठिपके शोधून घ्या. बघा, किती जणींना आपल्या घरातल्या वस्तूची खरी ओळख पहिल्यांदाच होते ते.