चाकाची हरवलेली चावी

चोरापासून वस्तूचें रक्षण व्हावें म्हणून मनुष्य कुलूप लावतो. परंतु कुलपाला मालक आणि चोर यांतील भेद कळत नसतो. ज्याच्या हातीं चावी तो मालक, एवढेंच त्याला ठाऊक. घराचें किंवा कपाटाचें कुलूप रोज उघडावें लागतें, त्यामुळें त्याची चावी कोणत्या खुंटीला आहे हें घरांतील लहान मूलहि सांगूं शकतें. मोटारीच्या चाकालाहि अलीकडे कुलूप असतें, आणि तें वर्ष वर्ष कोणी उघडीत नाहीं. त्याची चावी हरवल्याचें तिची गरज पडेपर्यंत कळत नाहीं. आणि ही गरज सहसा घरापासून दूर, अवेळीं आणि रस्त्याच्या कडेलाच पडते.

ठाण्यांतील एका कुटुंबाची हकीगत या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे. या कुटुंबानें आठ महिन्यांपूर्वीं एका ओळखीच्या गृहस्थांकडून वापरलेली मोटार विकत घेतली होती. मोटार नीट, कागदपत्रें नीट, टायरहि चांगले. मुलीची परीक्षा नाशिकला सकाळीं दहा वाजतां होती, म्हणून आई, वडील आणि मुलगी पहांटे पांचला निघालीं. कसारा घाटाच्या पायथ्याशीं पोंचतां पोंचतां मागचें डावें चाक बसूं लागलें. वडिलांनीं गाडी रस्त्याच्या बाहेर, सपाट जागीं घेतली. ते कांहीं नवशिके नव्हते. स्टेपनी काढली, जॅक काढला, पाना लावला आणि चारांपैकीं तीन नट बघतां बघतां सैल केले. चौथ्यावर मात्र पाना बसेचना.

“अहो, हा वेगळाच दिसतो,” आई बॅटरीचा उजेड धरून म्हणाली. “याला कोपरेच नाहींत.”

खरोखरच त्याला कोपरे नव्हते. बाकीच्या नटांना सहा बाजू होत्या. याचें डोकें गुळगुळीत, वाटोळें, आणि त्याच्या तोंडावर एक वेडीवांकडी नागमोडी खांच कोरलेली. त्या वेळीं सव्वासहा झाले होते.

या नटाची रचना समजली म्हणजे पुढचें सगळें समजतें. मोटारीचें चाक चार किंवा पांच नटांनीं घट्ट बसविलेलें असतें. साधा नट षट्कोनी असल्यामुळें ज्याच्याजवळ योग्य मापाचा पाना आहे त्याला तो काढतां येतो, आणि असा पाना कोणत्याहि दुकानांत मिळतो. जोंपर्यंत चाकें साध्या लोखंडी पत्र्याचीं होतीं तोंपर्यंत तीं चोरण्याचा मोह फारसा कोणाला नव्हता. पुढें हलक्या मिश्रधातूचीं, दिसायला देखणीं आणि किमतीनें भारी अशीं अलॉय चाकें आलीं, आणि रात्रींतून गाडी विटांवर उभी करून चारी चाकें घेऊन जाणारे चोरहि निर्माण झाले. त्यांना अडविण्याकरितां प्रत्येक चाकाचा एक नट निराळ्या तोंडाचा करण्याची युक्ति निघाली. पांच नटांच्या चाकांची गाडी असली तर वीस नटांपैकीं सोळा साधे आणि चार कुलुपाचे. या चारांना मिळून एकच चावी. ही चावी म्हणजे अंगठ्याएवढा पोलादी तुकडा; तिच्या एका टोंकाला नटाच्या खांचेंत नेमकी बसणारी नक्षी असते आणि दुसऱ्या टोंकाला नेहमींचा पाना बसेल असा षट्कोन असतो. नक्षीचे प्रकार निरनिराळे असल्यामुळें शेजारच्या त्याच कंपनीच्या गाडीची चावी बहुधा उपयोगी पडत नाहीं.

एवढीशी वस्तु हरवते कशी, तर तिच्या लहानपणामुळेंच. चाकांची अदलाबदल करावयाची असो, नवे टायर घालावयाचे असोत, कीं ब्रेकची दुरुस्ती असो, मिस्त्री ती चावी मागून घेतो. काम उरकल्यावर ती त्याच्या सॉकेटमध्यें अडकून राहते, हत्यारांच्या पेटींत पडते, किंवा चाकाजवळच जमिनीवर राहते. मिस्त्रीची लबाडी क्वचितच असते. त्याच्यापुढें दुसरी गाडी उभी असते एवढेंच. मालकहि बिल पाहतो, हवा पाहतो, चावी पाहत नाहीं. गाडी एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते तेव्हां तर हा धोका दुप्पट होतो. विकणारा नोंदणीपुस्तक देतो, विम्याचा कागद देतो, गाडीच्या दोन्ही किल्ल्या देतो. चाकाच्या चावीची आठवण ना देणाऱ्याला होते ना घेणाऱ्याला.

कसाऱ्याच्या पायथ्याशीं उभ्या असलेल्या त्या तिघांनीं प्रथम योग्य तेंच केलें. धोक्याचे दिवे चालू केले, लाल त्रिकोण मागें ठेवला आणि मुलीला गाडीपासून दूर उभें केलें. मग शोध सुरू झाला. असा शोध घेण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: जॅक ठेवण्याचा थर्माकोलचा साचा, स्टेपनीच्या मधली पोकळी, डिकीच्या चटईखालचे कोपरे, डॅशबोर्डचा खण, दारांतले खिसे, आणि गाडीच्या माहितीपुस्तकाचें पाकीट. कित्येकदां चावी कापडी किंवा प्लॅस्टिकच्या लहान पिशवींत असते आणि पिशवी रिकामी समजून बाजूला टाकली जाते. येथें चावी मिळाली नाहीं. परंतु माहितीपुस्तकाच्या पाकिटांत पत्त्याच्या पानाहून लहान असें एक कार्ड मिळालें, त्यावर एक सांकेतिक क्रमांक छापलेला होता. तो कशाचा हें कोणाला कळलें नाहीं. मुलीनें मात्र तें कार्ड पर्समध्यें ठेवलें, आणि पुढें तें उपयोगी पडलें.

वडिलांना आतां घाई झाली. जवळ हातोडा नव्हता हें चाकाचें भाग्यच म्हणावयाचें. अशा प्रसंगीं दगडानें, छिन्नीनें किंवा पकडीनें नट फिरविण्याचा जो प्रयत्न होतो त्यानें नक्षीच्या कडा झिजतात, आणि मग खरी चावी सांपडली तरी ती बसत नाहीं. एक लहान अडचण स्वतःच्या हातानें मोठी करण्याचा याहून सोपा मार्ग नाहीं. दुसरी चूक त्यांच्याकडून होऊन गेलीच होती: बाकीचे तीन नट त्यांनीं आधींच सैल केले होते. कुलुपाचा नट निघेल कीं नाहीं याची शंका असतां इतर नट सैल केले, तर चाकाचा सगळा ताण त्या एकावर येतो आणि तो अधिकच घट्ट बसतो. म्हणून कुलुपाचा नट सर्वांच्या आधीं काढावयाचा, आणि तो हलत नसेल तर बाकीचे पुन्हां आवळून टाकावयाचे. तसें न करतां गाडी पुढें हांकणें हा तर उघड जिवाशीं खेळ होय.

त्या कुटुंबाला वाट सांपडली ती एका मोटारसायकलवाल्यामुळें. त्यानें गाडी थांबवून चौकशी केली आणि कसारा गांवांतून एका पंक्चरवाल्याला आणलें. पंक्चरवाल्यानें चौथ्या नटाकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. “काका, चाक काढायचंय कशाला?” असें म्हणत त्यानें सैल झालेले तीन नट आवळले, गाडी थोडी पुढें घ्यावयास लावली, आणि टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागांत रुतलेला खिळा दाखविला. टायर बिनट्यूबचा होता. असा टायर मधल्या पट्ट्यांत भोंसकला गेला असेल तर चाक न उतरवितां खिळा उपसून त्या भोंकांत रबरी वात भरतां येते आणि लहान पंपानें हवा घालतां येते. पंधरा मिनिटांत काम झालें. टायर बाजूला, म्हणजे भिंतीला, फाटला असता तर मात्र ही वात निरुपयोगी होती. तेथें चाक उतरविल्यावांचून किंवा गाडी उचलून नेणाऱ्या वाहनावांचून गत्यंतर नव्हतें. मुलगी नाशिकला साडेनऊला पोंचली.

यावरून एक गोष्ट विचारांत घेण्याजोगी आहे. ज्या मोटारींत बिनट्यूबचे टायर, हवेचा दाब दाखविणारी योजना आणि पंक्चर दुरुस्तीचें साहित्य हीं तिन्ही आहेत, त्यांना स्टेपनी बाळगण्याची सक्ती २०२० सालीं आपल्याकडील मोटार नियमांतून काढून टाकण्यांत आली. अशा गाडीच्या मालकाला वाटतें कीं चाक बदलावयाचेंच नाहीं, तर नटाच्या चावीची चिंता कशाला? परंतु फाटलेला टायर बदलतांना, ब्रेक दुरुस्त करतांना चाक उतरवावेंच लागतें, आणि त्या दिवशीं गॅरेजांत गाडी अडून बसते. रबरी वात आणि बॅटरीवर चालणारा पंप मात्र स्टेपनी असलेल्या गाडींतहि असावा. त्याची किंमत एका टायरच्या मानानें कांहींच नाहीं.

पुढच्या आठवड्यांत वडील कंपनीच्या अधिकृत दुकानांत गेले. तेथें त्या लहान कार्डाचें कोडें उलगडलें. त्यावरील क्रमांक हा चावीच्या नक्षीचा क्रमांक होता. गाडीचें नोंदणीपुस्तक दाखवून त्या क्रमांकावरून नवी चावी मागवितां येते. हा क्रमांक पुष्कळदां चावीवरहि कोरलेला असतो, पण चावीच हरवली तर त्याचा उपयोग काय! कार्ड नसतें तरी मार्ग बंद नव्हता. एका कंपनीच्या नक्षींचे प्रकार मर्यादित असतात, आणि मोठ्या दुकानांत त्यांचा संच कामगारांच्या वापराकरितां ठेवलेला असतो. एकेक लावून पाहतां जुळणारी सांपडते. नटाच्या तोंडाचें समोरून घेतलेलें स्पष्ट छायाचित्रहि अशा वेळीं उपयोगी पडतें.

क्रमांकहि नाहीं आणि संचहि नाहीं, अशी पाळी आली तर नटाचा बळी द्यावा लागतो. अनुभवी मिस्त्री नटाच्या डोक्याहून किंचित लहान असें बारा कोपऱ्यांचें सॉकेट त्यावर हातोड्यानें ठोकून बसवितो आणि लांब दांड्यानें सावकाश उलटें फिरवितो. याच कामाकरितां आंतून उलटे आटे असलेलीं सॉकेटेंहि मिळतात. जसजसें फिरवावें तसतसे त्यांचे आटे नटांत अधिक रुततात. कांहीं नटांभोंवतीं स्वैर फिरणारी बांगडी असते. तिच्यावर ठोकलेलें सॉकेट बांगडीसह गरगरत राहतें, आणि मग नटावर दुसरा नट वेल्डिंगनें जोडणें किंवा नटच पोखरून काढणें हे शेवटचे उपाय उरतात. वेल्डिंगच्या उष्णतेनें चाकाचा रंग व टायर यांना अपाय होऊं शकतो, म्हणून तें काम कोणाच्याहि हातीं देऊं नये. येथेंच या कुलपाची गंमत दिसते: हीं हत्यारें सराईत चोराजवळहि असूं शकतात. कुलूप अडवितें तें हौशी चोराला, आणि विसराळू मालकाला.

नवी चावी येण्यापूर्वींच जुनी चावी सांपडली. जुन्या मालकांना वडिलांनीं सहज दूरध्वनि केला, तेव्हां त्यांच्या पत्नीला आठवलें कीं स्वयंपाकघरांतल्या खणांत, मेणबत्त्या आणि सुतळीच्या गुंड्याशेजारीं, एक जड लोखंडी बोंडूक कित्येक महिने पडून आहे. “कशाचं आहे कळेना, म्हणून टाकलं नाहीं हो,” असें त्या म्हणाल्या. पूर्वीं टायर बदलून आल्यावर कोणीतरी ती पिशवी घरांत आणली होती.

आतां त्या घरांत दोन चाव्या आहेत. एक स्टेपनीच्या पोकळींत, लाल फडक्यांत बांधून दांड्याला अडकविलेली असते. दुसरी घरीं, कार्डासह, कपाटाच्या किल्ल्यांच्या खुंटीवर. गाडी गॅरेजांत जाते तेव्हां मुलगी चावी मोजून देते आणि गाडी बाहेर पडण्यापूर्वीं परत मागते. मिस्त्रीला तिनें एक विनंतीहि करून ठेवली आहे: कुलुपाचा नट हवेवर चालणाऱ्या यंत्रानें आवळूं नये, कारण त्या धक्क्यांनीं चावीची नक्षी तुटते, तो हातानेंच लावावा, आणि सगळे नट समोरासमोरच्या क्रमानें, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या जोरानें, लहान गाड्यांना साधारणतः १०० न्यूटन-मीटरच्या आसपास, आवळावे. मिस्त्री प्रथम हंसला. दुसऱ्या खेपेस त्यानें न सांगतां पाना हातांत घेतला आणि काम होतांच लाल फडकें तिच्या हातीं दिलें.