थेंब, तळे आणि बांध



‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण मराठी घरात मुलांच्या कानावर फार लवकर पडते. परंतु तळे केवळ थेंबांनी साचत नाही, त्याला बांध लागतो. बांध खचलेला असेल, तर पावसाळाभर पडलेले पाणीही वाहून जाते. सुट्ट्या पैशांच्या बचतीचा विचार करताना म्हणीचा हा अव्यक्त अर्धा भाग ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ही बचत आपल्याकडे नवी नाही. धान्याच्या डब्यात चार नाणी टाकून ठेवणारी गृहिणी हेच करीत होती. १९२८ साली उडुपी येथे डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने, म्हणजे पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने, दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करणारी ‘पिग्मी’ योजना आरंभिली. महाराष्ट्रातील बँकांनी आणि पतसंस्थांनीही ही पद्धत स्वीकारली. संध्याकाळी दुकानोदुकानी फिरणारा पिग्मी एजंट हा बाजारपेठेच्या परिचयाचा माणूस झाला.

आज त्याचे काम मोबाइलमधील अ‍ॅप करू लागले आहे. ३७ रुपयांचा नाश्ता घेतला, की हिशेब ४० धरावयाचा आणि वरचे ३ रुपये बाजूला काढावयाचे. ‘बँक ऑफ अमेरिका’ने २००५ साली अशी सोय दिली. २०१४ पासून ‘एकॉर्न्स’ या अमेरिकी अ‍ॅपने ही मोड शेअर बाजारात गुंतविण्यास प्रारंभ केला. भारतात २०१६ साली यूपीआय आले आणि २०२१ मध्ये ‘जार’सारखे अ‍ॅप अशा रकमेतून डिजिटल सोने घेऊ लागले.

रोज सरासरी १० रुपये साठले, तर वर्षाचे ३,६५० होतात. ज्या घरात काहीच शिल्लक राहत नव्हते, तेथे ही रक्कम लहान नव्हे. तथापि दहा वर्षांचे मुद्दल ३६,५०० रुपयेच भरते. मुलांचे उच्च शिक्षण वा वार्धक्याची तरतूद एवढ्यावर होत नाही. अ‍ॅप चालू आहे, म्हणजे बचत झाली, हे समाधान म्हणूनच घातक ठरू शकते.

आता बांधाकडे पाहू. ‘एकॉर्न्स’चे शुल्क आरंभी दरमहा १ डॉलर होते. ज्याचे १०० डॉलर साठले, त्याचे वर्षात १२ डॉलर त्यातच गेले. डिजिटल सोन्यावर ३ टक्के जीएसटी पडतो, शिवाय खरेदी-विक्रीच्या भावांत अंतर असते. म्हणजे सोन्याचा भाव तेवढा चढेपर्यंत बचत करणारा तोट्यातच असतो.

दुसरा प्रश्न रक्षणाचा. डिजिटल सोने आपल्या नियमनाखाली येत नाही आणि त्याला गुंतवणूकदार-संरक्षणाची व्यवस्था लागू होत नाही, असा इशारा ‘सेबी’ने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. म्युच्युअल फंडांवर सेबीचे नियमन आहे, मात्र बाजाराची जोखीम तेथेही राहतेच. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवींना तो नाही, हे पिग्मी भरणाऱ्या कुटुंबांनीही विसरू नये.

मग करावे काय? पैसा नेमका कोठे जातो, शुल्क किती आणि तो परत केव्हा मिळतो, ही तीन उत्तरे आधी मिळवावीत. यूपीआय अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’च्या परवानग्या महिन्यातून एकदा तपासाव्यात. नको असलेली तेथेच रद्द करता येते. ३०० रुपये जमू लागले, की आवर्त ठेव किंवा २०२५ साली म्युच्युअल फंडांनी आणलेली दरमहा २५० रुपयांची ‘छोटी एसआयपी’ यांचा विचार करावा आणि वेतनवाढीबरोबर ती रक्कम वाढवीत न्यावी.

पिग्मी एजंट पुस्तिकेत आकडा लिहून सही करीत असे, आणि तो आकडा घरातील माणसे पाहत असत. अ‍ॅप पैसे नकळत काढते. हीच त्याची सोय आहे आणि हाच त्याचा धोकाही. म्हणून महिनाअखेरीस घरातील सर्वांनी, मुलांनाही जवळ बसवून, तो आकडा एकदा मोठ्याने वाचावा. पैसे नकळत साठले तरी चालतील, त्यांची राखण मात्र जाणतेपणीच व्हावयास हवी.