दहावीनंतर कुठं? पोरांना वाट कोण दाखवणार?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात संघटनेच्या वतीने केलेले भाषण. पाड्यापाड्यावर वाचून दाखवावे.)



बायांनो, बाप्यांनो आणि आश्रमशाळेतून आलेल्या पोरापोरींनो,

एरवी आपण जमतो ते जमिनीसाठी. दावा, मोजणी, नोटीस, मोर्चा हेच आपलं बोलणं. आज पोरांच्या शिक्षणावर बोलायचं आहे, कारण तिथंही आपण त्याच जागी अडतोय. जमिनीचा दावा कागद आणि तारीख यात अडकतो. पोरांचं कॉलेजही तिथंच अडकतंय.

आपलं पोर दहावी पास होतं. मग अकरावीला कुठं जातं? विचारून बघा. "जवळ तेच कॉलेज होतं." "मित्र गेला म्हणून मी गेलो." "तिथं वसतिगृहात जागा मिळाली." "आर्ट सोपं असतं असं ऐकलं." याला काही निवड म्हणत नाहीत. जे दार उघडं दिसलं त्यातून पोर आत गेलं. आणखी दारं आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

सरकारला हे ठाऊक आहे. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगानं काम केलं. मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग आहे, ते प्राथमिक शाळेपासून सुरू व्हावं आणि माध्यमिक शाळांसाठी निदान दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असं त्या आयोगानं सुचवलं. समुपदेशक म्हणजे मुलाची आवड, कुवत आणि घरची परिस्थिती बघून पुढची वाट समजावून सांगणारा माणूस. आम्ही पाड्यापाड्यावर विचारलं. आपल्या आश्रमशाळेत असा माणूस कुणी पाहिलेला नाही.

मास्तरांवर सगळा राग काढू नका. शिकवायचं, वसतिगृह बघायचं, जनगणना नि निवडणुकीचं काम करायचं, वर हेही त्यांच्याच गळ्यात. शहरातल्या पोराचं हे काम घरातच होतं. कुणाचा काका इंजिनीअर, कुणाची मावशी नर्स. आपल्या किती घरांत पहिलंच पोर दहावीला पोचतंय! त्यानं विचारायचं कुणाला? जिथं गरज सगळ्यात जास्त, तिथंच माणूस नाही.

मग वर्षातून एकदा मार्गदर्शन मेळावा होतो. नारळ फुटतो, पाहुणे भाषण करतात. जिद्द ठेवा, मोठी स्वप्नं बघा, कलेक्टर व्हा. टाळ्या वाजवून पोरं जेवायला जातात. सहा-सात वर्षांचं असताना आईला सोडून वसतिगृहात राहिलेल्या पोराला जिद्द काय शिकवता? त्याला माहिती द्या. मेळावा संपल्यावर पोराला तीन गोष्टी विचारा. कुठल्या शाखेतून कुठं जाता येतं? कागद कुठले लागतात, कधीपर्यंत? फी कोण भरणार, राहायचं कुठं? उत्तरं आली तर मार्गदर्शन झालं. नाही आली तर नुसता नारळ फुटला.

पहिली गोष्ट शाखेची. सायन्स घेतलेल्याला पुढं आर्टला जाता येतं. आर्टमधून सायन्सला परत येता येत नाही. डॉक्टर व्हायचं तर अकरावी-बारावीला जीवशास्त्र लागतं, इंजिनीअर व्हायचं तर गणित. आयटीआय आणि तंत्रनिकेतनची पदविका दहावीनंतरच करता येते. आर्ट घेणं कमीपणाचं नाही. वकील, शिक्षक, तहसीलदार त्यातूनही होता येतं. पण घ्यायचं ते समजून घ्या.

दुसरी गोष्ट कागदांची. जातीचा दाखला प्रांताकडून मिळतो. व्यावसायिक कॉलेजात राखीव जागेसाठी तेवढा पुरत नाही. तपासणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. २००१ पासून तसा कायदाच लागू आहे. समिती ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे पुरावे मागते. आज्याचा शाळेचा दाखला आणा म्हणतात. आजा शाळेत गेला कुठं? सातबारा आणा म्हणतात. जमीन तर वनखात्याच्या नावावर! आपल्या भागातल्या एका मुलीचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं होतं. वैधता वेळेत आली नाही, जागा गेली. मार्क कमी नव्हते. अर्ज बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करायला हवा होता, हे तिला निकालानंतर कळलं.

इथं आपली दाव्याची फाईल कामाला येते. २००६ च्या वनहक्क कायद्यासाठी आपण घरोघरी फाईल केली. तिच्यात जातीचा दाखला आहे, वंशावळ आहे, म्हाताऱ्यांचे जबाब आहेत, दंडाच्या जुन्या पावत्या आहेत. वंशावळ वैधतेलाही लागते. कोतवाल बुकात आज्या-पणज्याच्या जन्ममृत्यूची नोंद असेल, तर तिची नक्कल तहसीलमधून काढा. सगळेच कागद समिती मानेल असं नाही, पण शोधायला सुरुवात घरातल्या फायलीपासून करा.

तिसरी गोष्ट पैशाची. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विभागाची वसतिगृहं आहेत. पण शिष्यवृत्ती उशिरा येते. पहिले काही महिने घरून काढावे लागतात. हे आधीच ठरवा, नाहीतर दिवाळीला घरी आलेलं पोर परत जात नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं. दर गावानं डिसेंबरात दहावी-बारावीच्या पोरापोरींची यादी ग्रामसभेत वाचावी. कॉलेजात गेलेल्या दोघातिघांनी त्यांच्याबरोबर बसावं, कागद तपासावेत. शाळेला समुपदेशक द्या, असा ठराव लिहून प्रकल्प कार्यालयाला द्यावा आणि पोच घ्यावी.

आणि एक. कुणी काय व्हायचं ते संघटना ठरवणार नाही, बापानंही ठरवू नये. वाट समजावून सांगा आणि पोराला निवडू द्या. पोरीलाही. तिच्या लग्नाचं बोलणं काढण्याआधी तिला काय शिकायचंय ते विचारा.

पुढच्या बैठकीला येताना दाव्याची फाईल आणि पोराची मार्कलिस्ट एकाच पिशवीत घालून आणा.

जिंदाबाद!