थेंब खाली, दुखणं वर



सकाळी गाडी बाहेर काढली आणि फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला, की जुन्या गाडीचा मालक एक तर त्यावर मूठभर माती टाकतो, नाही तर गॅरेज गाठून म्हणतो, 'सगळी पॅकिंगं बदलून टाका.' मी दोन्ही करून बसलोय. दोन्ही चूक.

माझी मारुती 800. हे मॉडेल 2014 च्या जानेवारीत बंद झालं, पण एरंडोल-पारोळ्याकडे अजून भेटतं. माझ्या गाडीचं तेल चेंबरखाली ठिबकायचं, म्हणून चेंबरचं पॅकिंग दोनदा बदललं. डाग तसाच. शेवटी धुळ्याला जाताना वाटेत एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्यापुढे धरून म्हणाला, "भाऊ, तेल वरतून ई ऱ्हायनं, तुम्ही खाले दखी ऱ्हायनात!"

मर्म एवढंच. तेल उतारानं खाली येतं, धावत्या गाडीत वाऱ्यानं मागे सरकतं. थेंब पडतो ती वाटेची शेवटची जागा. आपल्याला हवी पहिली.

आधी गाडीखाली रात्रभर पुठ्ठा टाका. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास, तर गिअर ऑइल. हिरवट, गोडसर वासाचं पाणी रेडिएटरचं. चाकाजवळ पातळ, बुळबुळीत ओल दिसली, तर ब्रेक ऑइल समजा आणि गाडी जागची हलवू नका.

मग इंजिन पूर्ण गार असताना डिझेल आणि ब्रशनं धुवा, कोरडं पुसा. संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा. आठ-दहा किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पावडरीत पहिली काळी रेघ जिथे उमटेल, तिथेच रोग. जॅकवरच्या गाडीखाली मात्र कधी शिरू नका; रॅम्प किंवा खड्डा हवाच.

इंजिनच्या उष्णतेनं रबर वर्षानुवर्षं भाजतं, त्यात आपला मे महिन्यातला 45 अंशांचा पारा. पॅकिंग पापडासारखं कडक होतं. अशा वेळी नट आणखी आवळला, तर कव्हर वाकतं आणि गळती वाढते. जुनं पॅकिंग खरवडून दोन्ही कडा स्वच्छ करा, नवं बसवा आणि नट आलटूनपालटून, बेतानं आवळा. ऑइल फिल्टर आणि ड्रेन नटाचं वॉशरही तपासा. नवं सीलसुद्धा गळतंय? मग ब्रीदरची नळी बघा. ती तुंबली की आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. क्रँकचं सील गेलं असेल, तर ते काम मिस्त्रीचं.

गळती सापडेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी सपाट जागी डिपस्टिक बघा. खालच्या खुणेशी तेल आलं, की भर घाला. लळिंगचा घाट चढताना दिवा लागण्याची वाट पाहू नका.

ठिबकचा बाग सांभाळणाऱ्यांना हे नवं नाही. झाड सुकलं, तर तुम्ही नळी धरून मागे मागे जाता, कुठे तुंबलंय ते शोधता. गाडीलाही तीच नजर लावा.